कॅप्टन म्हणजे शेवटी अध्यक्षच

"मोठी माणसं गणवेश घालून एकमेकांना कॅप्टन म्हणतात, पोरखेळ नुसता" असं स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ-मालिकेच्या चाहत्यांबद्दल म्हटलं जातं. गणवेशापुरतं मान्य, मलाही हसू येतं. पण या चाहत्यांची 'स्टारफ्लीट' (हे मालिकेतल्या अंतराळ-दलाचं नाव) ही संघटना 1974 पासून चालू आहे, ती नुसत्या हौसेवर इतकी टिकली नसती. तिची प्रत्येक स्थानिक शाखा म्हणजे एक 'जहाज'. कॅप्टन म्हणजे अध्यक्ष, फर्स्ट ऑफिसर म्हणजे उपाध्यक्ष. नवीन शाखेला लगेच जहाज म्हणत नाहीत. ती आधी 'शटल', म्हणजे छोटं यान असते, एखाद्या जुन्या जहाजाच्या देखरेखीखाली, आणि तयारी झाली की मगच तिला जहाजाचा दर्जा मिळतो. ही उमेदवारीची सोय मला फार आवडते. एरवी नवी मंडळं उत्साहात निघतात आणि चौथ्या बैठकीला सतरंजी घालायलाही कोणी नसतं!

गणवेशावरून आठवलं, 1996 मध्ये अमेरिकेत लिटल रॉकच्या व्हाइटवॉटर या आर्थिक घोटाळ्याच्या खटल्यात ज्युरीतल्या एक राखीव सदस्य बाई चक्क मालिकेतल्या स्टारफ्लीटचा गणवेश घालून कोर्टात येत. याही चाहत्यांच्या अशाच एका जहाजाच्या अधिकारी, फक्त संघटना वेगळी. पुढे त्यांना ज्युरीतून काढलं, पण ते गणवेशामुळे नव्हे, टीव्हीवाल्यांशी बोलल्यामुळे.