स्ट्रोकनंतर आईला घरी आणलंय : खांदा दुखतो, पाण्याला ठसका, व्यायाम होत नाही

कवडसा : आईला गुठळीमुळे स्ट्रोक आला, डाव्या मेंदूत. उजवा हात पूर्ण लुळा आहे, पाय थोडा उचलते. बोललेलं बहुतेक कळतं, पण शब्द फुटत नाहीत. फिजिओ आठवड्यातून तीनदा येतात. अडचणी अशा: उठवताना उजवा खांदा दुखतो म्हणून ओरडते. पाणी पिताना ठसका लागतो, जेवताना फारसा नाही. मधूनच रडू लागते, मग व्यायाम राहतोच. फिजिओ नसतात तेव्हा घरच्यांनी नेमकं काय करायचं?

उंबरठा : खांदा सांभाळा. तो बिघडला की पुढे कित्येक महिने हाताला कुणी हात लावू देत नाही. हा सांधा स्नायूंच्या जोरावर जागेवर राहतो. स्नायू लुळे पडले की हाताच्या वजनानेच खाली ओघळतो. खांद्याच्या टोकाखाली बोटभर खळगा लागतो का, चाचपून पाहा. अशा वेळी काखेत हात घालून उचलणं किंवा मनगट धरून ओढणं म्हणजे दुखणं विकत घेणं. मदतनीस असतील तर त्यांना हे पहिल्याच दिवशी सांगा.

बसलेली असताना कोपरापासून बोटांपर्यंत अख्खा हात उशीवर हवा, बाजूला लोंबकळत नको. स्लिंग, म्हणजे हात गळ्यात अडकवायची झोळी, फक्त उभं राहताना आणि चालताना. दिवसभर अडकवली तर कोपर वाकलेल्या स्थितीतच आखडतं. कपडे घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी.

आता पलंगावरून चाकांच्या खुर्चीत. खुर्ची तिच्या चांगल्या बाजूला, म्हणजे डावीकडे, पलंगाला ३० ते ४५ अंशांत तिरकी लावा. ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. तिच्या कमरेला रुंद पट्टा बांधा, धरायचं ते तिथेच. तिला कडेपर्यंत पुढे सरकवा. तळवे जमिनीला टेकलेले, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. तुमच्या गुडघ्याने तिचा उजवा गुडघा अडवा, नाहीतर तो अचानक दुमडतो. मग तिला पुढे वाकू द्या, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि तिथून उठवा. चुकतं ते इथेच: माणसं सरळ वर उचलायला जातात, वजन मागेच राहतं आणि दोघंही पलंगावर कोसळतात. तिने तुमच्या गळ्यात हात टाकायचा नाही.

सहाण : मी ठसका खांद्याच्या आधी घेईन. पाणी घशात झरकन उतरतं आणि गिळण्याची क्रिया उशिरा सुरू होते, त्यामुळे ते श्वासनलिकेत शिरतं. घास सावकाश सरकतो, म्हणून तो निभतो. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्टकडून करून घ्या, आणि तोवर पातळ काय द्यायचं ते आजच डॉक्टरांना विचारा. पाणी घट्ट करायची पावडर अंदाजाने घालू नका. फार घट्ट झालं की पेशंट पितच नाही, मग लघवी गडद होते आणि बद्धकोष्ठता वाढते.

भरवताना पाठ सरळ, मान मागे नाही, टीव्ही बंद. एका वेळी छोटा चमचा, साधारण ५ मिली. गळ्याला हलकं बोट लावलं तर गिळताना घाटी वर सरकलेली कळते. ती सरकल्याशिवाय पुढचा चमचा नको. उजव्या गालात घास साठून राहतो, शेवटी बॅटरी मारून बघा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. दात आणि जीभ दिवसातून दोनदा तरी साफ करा, कारण तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होतो. ठसका नाही म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. काहींच्या घशाची जाणीवच गेलेली असते. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता येतो का ऐका. त्यात ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

गोळ्या कुटून द्यायच्या असतील तर आधी विचारा. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या कुटल्या तर सगळा डोस एकदम लागू होतो.

कवडसा : दोघांचेही आभार. हातात दाबायला मऊ चेंडू दिलाय, तो चालेल का? आणि रडण्याचं काय करायचं?

उंबरठा : चेंडू ठेवून द्या. स्ट्रोकनंतर बहुधा मूठ मिटणं आधी येतं, उघडणं मागे राहतं, आणि नेमकं तेच हवं असतं. त्यापेक्षा टेबलावर रुमाल पसरून त्यावर उजवा तळहात ठेवा. डाव्या हाताच्या मदतीने तो पुढे सरकवायचा आणि मागे आणायचा. बोटं ताठली असतील तर आधी मनगट आत वाकवा, बोटं सैल होतात. मग सावकाश उघडून अर्धा मिनिट धरा. झटका दिलात तर स्नायू उलट आवळतो.

वेगळा तासभर व्यायाम होत नसेल तर नका हट्ट धरू. बाथरूमला नेताना, जेवायला बसवताना प्रत्येक वेळी चार-पाचदा उठ-बस करून घ्या. दिवसाअखेरी बरीच भरते.

झुळूक : रडण्याचे दोन प्रकार असतात. एकात रडू क्षणात फुटतं, विषय बदलला की थांबतं, आणि मनात तेवढं दुःख नसतंही. दुसरं म्हणजे नैराश्य: दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक बिघडलेली, कशातच रस नाही. दोन्हींवर औषधं आहेत, म्हणून न्यूरॉलॉजिस्टना मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवा. नुसतं ‘रडते’ म्हटलं तर त्यांना फरक कळणार नाही.

बोलताना एका वेळी एकच प्रश्न, शक्यतो वस्तू समोर धरून. मग मनात दहापर्यंत मोजा. तिचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. ‘हो’ म्हणायचं असताना तोंडून ‘नाही’ निघू शकतं, तेव्हा मान किंवा अंगठा बघून खात्री करा. आणि आवाज चढवू नका, कानांना काही झालेलं नाही.

सहाण : एक राहिलं. बीपी डाव्या हातावर मोजा, पाच मिनिटं शांत बसवून. आणि उजवी पोटरी सुजली, गरम लागली किंवा दुखली तर मालिश अजिबात नको. आत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा.