'बेसिस मजबूत झाला' हे मराठीत कसं लिहावं?

कोथरूडकर
शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांना वायदेबाजाराचे इंग्रजी अहवाल वाचता यावेत म्हणून एक शब्दसूची तयार होते आहे. गाडं अडलं आहे ते या वाक्यावर: 'टर्मरिक बेसिस स्ट्रेंग्दन्ड ॲज फ्युचर्स फेल.' मसुद्यात आलं आहे, 'वायदे घसरल्याने हळदीचा पाया मजबूत झाला.' तपासणाऱ्यांनी 'आधारभाव वधारला' असं सुचवलं, पण आधारभाव म्हटलं की वाचणारा सरळ हमीभावाकडे जाणार. काय लिहावं?

वायदेवाला
दोन्ही चुकीचं, आणि ही चूक महागात पडणारी आहे. हाजर भावातून (आज माल देण्या-घेण्याचा भाव) वायद्याचा भाव (पुढच्या महिन्याच्या सौद्यासाठी आज ठरलेला) वजा केला की उरतो तो आकडा म्हणजे बेसिस. तो उणेही असतो.

समजा, सांगलीत हळद क्विंटलला १३,२०० आणि विकलेला वायदा १३,८००. बेसिस उणे ६००. महिन्याभराने हाजर १२,००० आणि वायदा १२,२०० झाला. बेसिस उणे २००. भाव पडले तरी अहवालात 'स्ट्रेंग्दन्ड'च येणार, कारण आकडा उणे ६०० वरून वर सरकला. ज्याने वायदा विकून ठेवला होता त्याचे हाजरमध्ये १,२०० गेले आणि वायद्यात १,६०० आले, म्हणजे हाती पडले १३,६००. तोच वायदा १२,९०० लाच अडला असता तर बेसिस उणे ९०० होऊन 'वीकन्ड' झाला असता, आणि हाती १२,९००. पन्नास क्विंटलच्या एका लॉटमागे हा फरक ३५,००० रुपयांचा आहे.

म्हणून वाक्य फोडून लिहा: 'वायदा हाजरपेक्षा जास्त घसरला, त्यामुळे बेसिस सुधारला.' शब्द बेसिसच राहू द्या.

शनिवार पेठ
हाजर, वायदा, तेजी, मंदी, आवक, अडत, तोलाई हे सगळं ज्या भाषेत आहे तिला एका वजाबाकीसाठी उसनवारी कशाला? 'हाजर-वायदा अंतर' म्हणा. हेजिंगलाही, म्हणजे भाव पडण्याच्या धोक्यापासून बचाव म्हणून वायदा विकून ठेवण्याला, 'कुंपण घालणं' म्हणता येतं, हेज म्हणजे कुंपणच.

वायदेवाला
अंतराला उणे-अधिक नसतं हो. वरच्या उदाहरणात अंतर ६०० चं २०० झालं, म्हणजे घटलं, आणि बेसिस मजबूत. पण हाजर वायद्याच्या वर असेल आणि बेसिस अधिक २०० वरून अधिक ६०० वर गेला, तर तोही मजबूत, आणि तिथे अंतर वाढलेलं असतं. शिकणारा 'अंतर' पाठ करेल आणि अर्ध्या वेळा उलटा अर्थ लावेल. आणि हाजर, वायदा हे शब्द तरी कुठले? दोन्ही अरबी.

शनिवार पेठ
अरबी असले तरी ते पिढ्यान्‌पिढ्या अडत्यांच्या तोंडात घोळून मराठी झाले. बेसिसला ती सवलत आयती का द्यायची, एवढंच विचारतो आहे.

गुलटेकडी
बेसिस अनोळखी आहे, म्हणून वाचणारा थांबून विचारतो तरी. घात करतात ते ओळखीचे शब्द, आणि सूचीत आधी ते घ्या.

मार्केट यार्डात 'मार्जिन' म्हणजे सुटणारा नफा. एक्स्चेंजवर मार्जिन म्हणजे सौद्यासाठी आधी भरायचे पैसे. 'मार्जिन इन्क्रीज्ड' वाचून माणूस खूश होतो, प्रत्यक्षात त्याला जास्त रक्कम भरायची असते. 'माल शॉर्ट आहे' म्हणजे टंचाई, पण 'ट्रेडर्स आर शॉर्ट' म्हणजे त्यांनी आधी विकून ठेवलं आहे. 'प्राइसेस फर्म्ड' मधला फर्म म्हणजे पेढी नाही. आपल्या बाजारभावाच्या बातम्यांतलं 'भाव तेजीत' ते हेच. 'ईझ्ड' म्हणजे नरमले, 'अरायव्हल्स' म्हणजे आवक.

शनिवार पेठ
मार्जिनला 'अनामत' आहे की.

गुलटेकडी
अनामत जशीच्या तशी परत मिळते अशी आपली समजूत असते. हे पैसे रोज हलतात. हळदीचा एक लॉट विकला आणि वायदा त्या दिवशी ३०० ने वर बंद झाला, तर ३०० गुणिले ५०, म्हणजे १५,००० रुपये खात्यातून त्याच हिशेबात वळते होतात. शिल्लक कमी पडली की मार्जिन कॉल येतो, न भरल्यास ब्रोकर सौदा कापतो. 'अनामत' लिहायचंच असेल तर शेजारी हे चार ओळींत द्या.

गाठ-खंडी
एककांकडे कुणाचंच लक्ष नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बाजार नियामक सेबीने सोयाबीन, हरभरा, गहू अशा सात शेतमालांचे वायदे थांबवले, तेव्हापासून सोयाबीनवाले शिकागोच्या वायदेबाजाराकडे बघू लागले. तिथे पडद्यावर १,०५० दिसतं ते सेंट प्रति बुशेल, म्हणजे साडेदहा डॉलर. सोयाबीनचा बुशेल ६० पौंडांचा, टनात ३६.७४ बुशेल, टनाला सुमारे ३८६ डॉलर झाले. मक्याचा बुशेल मात्र ५६ पौंडांचा. कापसात 'बेल' म्हणजे आपली गाठ १७० किलोंची आणि अमेरिकी अहवालातली ४८० पौंडांची, जवळपास २१८ किलो. नुसतं 'बेल म्हणजे गाठ' शिकवलं की उत्पादनाचे आकडे ताडताना सव्वापट चूक होते.

जुना बदला
काँटँगो (पुढच्या महिन्यांचे वायदे महाग) आणि बॅकवर्डेशन (पुढचे स्वस्त) सूचीत येणारच. शेअर बाजारात त्यांना सीधा बदला आणि उंधा बदला म्हणत. सौदा पुढे ढकलण्यासाठी खरेदीदार पैसे मोजायचा तो सीधा. शेअरची टंचाई असली की विकणाऱ्यालाच मोजावे लागायचे तो उंधा. जुलै २००१ मध्ये बदला बंद झाला आणि शब्दही मागे पडले. परत आणावेत.

वायदेवाला
बदला ही मोजलेली रक्कम होती, आज काँटँगो म्हणजे महिन्यांच्या भावांची चढती रांग. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी कच्च्या तेलाचा मेचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, कारण कुशिंग या तिथल्या तेलसाठ्याच्या ठिकाणी टाक्यांत जागा उरली नव्हती. जूनचा मात्र वीस डॉलरच्या आसपास होता. याला सीधा बदला म्हटलं तर कोण कुणाला पैसे देतं आहे?

शनिवार पेठ
कल्पना उत्तम आहे, पण 'उंधा' गुजराती. उंधियूतला तोच, मडकं पालथं घालतात तो. मराठीत 'उलटा बदला' हवा.

जुना बदला
'उलटा बदला' वाचून लोकांना सूड आठवेल. दलाल उंधाच म्हणत, मराठी दलालही. बाजारात चालला तो शब्द आपला.

शनिवार पेठ
मग हाच न्याय लावून सगळी सूचीच इंग्रजीत ठेवावी लागेल. मला मान्य नाही.

गाठ-खंडी
खंडी राहिलीच. रुईची खंडी सुमारे ३५६ किलोंची. न्यूयॉर्कचा भाव सेंट प्रति पौंड असतो, तो खंडीवर आणायचा तर पौंडाला ०.४५३६ किलो धरा आणि डॉलरचा त्याच दिवसाचा दर घ्या.