अमेरिकेत नाटक शिकायचं तर बी.ए. की बी.एफ.ए.?

तिसरी घंटा (धागाकर्ता)

नाटक शिकायला अमेरिकेत जाणाऱ्या मुलांना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘बी.एफ.ए.च कर, बी.ए. नुसती पुस्तकी पदवी.’ (बी.एफ.ए. म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, मुख्यतः प्रत्यक्ष प्रशिक्षणाची पदवी.) मला तो पटत नाही.

दोन्ही पदव्या चार वर्षांच्या, साधारण १२० क्रेडिटच्या (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं एकक). बी.एफ.ए.त त्यातली जवळपास ८० क्रेडिट नाटकाचीच. बी.ए.त चाळीस-पन्नास, उरलेल्यांत इतिहास, भाषा, विज्ञान, जे हवं ते. बी.एफ.ए.ला अर्ज करतानाच अभिनय, संगीत नाटक की नेपथ्य हे ठरवावं लागतं. पण दिग्दर्शन, नाट्यलेखन, संहिता-संशोधन अशी कामं असतात हेच बऱ्याच मुलांना कॉलेजात गेल्यावर कळतं. बी.ए.त तेव्हाही वळता येतं.

शिवाय तीन वर्षांचं एम.एफ.ए. (याच विषयातली पदव्युत्तर पदवी) पुढे आहेच, आणि त्यासाठी बी.एफ.ए. लागत नाही. येलच्या नाट्यविद्यालयात २०२१ पासून शिक्षणशुल्कच नाही. तेच प्रशिक्षण बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षी, जास्त समज घेऊन आणि फुकट मिळू शकत असेल, तर अठराव्या वर्षी भरमसाट पैसे मोजून का घ्यायचं?

रंगपीठ

असहमत. तासांचा हिशेब करा.

बी.ए.तला अभिनयाचा वर्ग बहुधा आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास. चौदा आठवड्यांच्या सत्रात ४२ तास. बी.एफ.ए.त अभिनय, आवाज, मूव्हमेंट (शरीराच्या हालचालींचं शिक्षण) आणि उच्चार मिळून आठवड्याला पंधरा ते वीस तास सहज होतात, म्हणजे सत्राला २१० ते २८०. स्टुडिओच्या एका क्रेडिटमागे साधारण दोन तास शिक्षकासमोर घालवावे लागतात, त्यामुळे नुसत्या क्रेडिटवरून हा फरक दिसत नाही.

आणि तो आवाजात सगळ्यात आधी ऐकू येतो. भावनेचा जोर आला की नवख्या नटाचा जबडा आवळतो, खांदे वर जातात, श्वास छातीतच अडकतो आणि वाक्याचा शेवट गिळला जातो. ही सवय मोडायला रोज कोणीतरी समोर उभं राहून टोकावं लागतं. म्हणून पहिलं वर्ष श्वास आणि शरीर मोकळं करण्यात जातं, पद्यसंवाद मागाहून येतात, बोलीभाषा, रंगमंचावरची मारामारी आणि कॅमेरा त्याच्याही नंतर. आठवड्याला तीन तासांत हे बसत नाही.

एम.एफ.ए.च्या भरवशावर राहणंही धोक्याचं. नामांकित ठिकाणी अभिनयाच्या एका तुकडीत आठ ते सोळा जण असतात.

पडद्यामागे

तुम्ही दोघंही फक्त नटांबद्दल बोलताय.

प्रकाशयोजना, नेपथ्य, वेशभूषा, रंगमंच व्यवस्थापन यांत हातानं काम केल्याशिवाय काही येत नाही. दिवे टांगणं, फोकस करणं, कन्सोलवर क्यू (दिवे कधी, कसे बदलायचे याच्या सूचना) लिहिणं हे बी.एफ.ए.त दर सत्राला नेमून दिलेलं असतं. मी त्याच बाजूचा, पण एका अटीवर. विभागात एम.एफ.ए. असेल तर मुख्य रंगमंचावरची डिझाइन बहुधा ती मुलं करतात, पदवीची मुलं सहायक राहतात. फक्त बी.ए. असलेल्या छोट्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाची मुलगी अख्ख्या नाटकाची प्रकाशयोजना करताना दिसते. मोठ्या नावापेक्षा हे आधी विचारा.

पोर्टफोलिओबद्दलही थोडं. मुलं प्रयोगाचे देखणे फोटो लावतात. निवड करणाऱ्याला त्यावरून कळत नाही की विचार कोणाचा होता. कच्ची स्केचेस, दिव्यांचा आराखडा, चॅनेलची यादी, क्यू-शीट, आणि व्यवस्थापनाला अर्ज असेल तर क्यू टिपलेली प्रॉम्प्ट बुकची (व्यवस्थापकाच्या हातातल्या संहितेची) दोन पानं लावा. फसलेलं रेखाटन आणि त्यानंतर केलेला बदल दाखवलात तर उत्तमच.

शिक्का

भारतातून जाणाऱ्यांसाठी व्हिसाचा मुद्दा पदवीच्या नावाइतकाच मोठा आहे, आणि इथे तो कोणीच काढलेला नाही.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. उन्हाळ्यात बाहेरच्या नाटक कंपनीत काम करायचं तर बहुधा सीपीटी (शिकत असताना अभ्यासाचा भाग म्हणून बाहेर काम करण्याची परवानगी) लागतं. त्यासाठी साधारण एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेलं असावं लागतं आणि ते काम अभ्यासक्रमाचा भाग असावं लागतं. पदवीनंतर ओपीटीचे (आपल्या विषयात काम करण्याच्या परवानगीचे) १२ महिने. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना आणखी २४ मिळतात, अभिनयाला नाही. या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. नटाला वेगवेगळ्या ठिकाणची छोटी कामं जोडून चालतात, पण आठवड्याला किमान २० तास भरावे लागतात आणि प्रत्येक कामाची तारीख, कालावधी यांची नोंद ठेवावी लागते.

बी.ए.त नाटकासोबत संगणकशास्त्र किंवा गणित हा दुसरा मुख्य विषय घेता आला, तर त्याच्या जोरावर वाढीव २४ महिन्यांना अर्ज करता येतो. ती नोकरी मात्र त्या दुसऱ्या विषयातलीच असावी लागते. बी.एफ.ए.त सकाळी मूव्हमेंट, दुपारी स्टुडिओ, रात्री तालीम. प्रयोगशाळेच्या तासाला जागाच उरत नाही.

पैशाचंही तसंच. अ‍ॅमहर्स्टसारखी काही लिबरल आर्ट्स कॉलेजं (अनेक विषयांचं व्यापक पदवीशिक्षण देणारी) परदेशी विद्यार्थ्यांची आर्थिक स्थिती न पाहता प्रवेश देतात आणि नंतर गरजेप्रमाणे मदत करतात. तिथे बी.एफ.ए. नाही.

रंगपीठ

@शिक्का, व्हिसाचं मान्य, पण सगळ्या बी.एफ.ए. इतक्या बंदिस्त नसतात. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टिश या कलाविद्यालयात अभिनयाची मुलं आठवड्यातले तीन दिवस स्टुडिओत असतात, बाकीचे दिवस इतर विषयांना. ज्युलियार्ड या न्यूयॉर्कच्याच कलासंस्थेची रचना याहून कितीतरी घट्ट.

कोणी बी.एफ.ए.ला अर्ज करणार असेल तर तयारी उन्हाळ्यातच सुरू करा. आधी व्हिडिओ पाठवावा लागतो, त्यातून निवड झाली तर जानेवारी-फेब्रुवारीत प्रत्यक्ष चाचणी. बऱ्याच शाळा न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिसमध्ये एकत्र चाचण्या घेतात. बहुतेकांना परस्परविरोधी प्रकृतीचे दोन मोनोलॉग (एकाच पात्राचे सलग संवाद) हवे असतात, प्रत्येकी ६० ते ९० सेकंदांचे. ९० म्हटलं तर ७५ चा बसवा, कारण प्रत्यक्षात वेग मंदावतो आणि मध्येच थांबवतात. उतारा छापील नाटकातलाच घ्या आणि अख्खं नाटक वाचा. ‘या आधी काय घडलं?’ असं विचारलं की सुट्या मोनोलॉगच्या संग्रहातून उचललेला उतारा लगेच उघडा पडतो. नक्कल केलेला अमेरिकी उच्चार तर अजिबात नको. तो सांभाळण्यातच सगळं लक्ष जातं.

तिसरी घंटा

@रंगपीठ, ४२ तासांचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात तालमी आणि विद्यार्थ्यांनी स्वतः उभी केलेली नाटकं धरलेली नाहीत. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात बी.ए.च्या नाट्यविभागात प्रवेशासाठी चाचणी नसते, आणि मुलं स्वतःच्या संस्था चालवून वर्षभर प्रयोग करत असतात. उलट अनेक बी.एफ.ए.त पहिल्या वर्षी रंगमंचावर उभंच राहू देत नाहीत.

पण बी.ए. घ्यायची तर एक सापळा टाळा. एकाच विभागात दोन्ही पदव्या असतील तर भूमिका आधी बी.एफ.ए.वाल्यांना जातात. माहितीपत्रकात ‘चाचणी सर्वांसाठी खुली’ लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. विभागाला पत्र लिहून मागच्या दोन हंगामांच्या कलाकारांच्या याद्या मागवा आणि प्रत्येक नावापुढे पदवी आणि वर्ष लिहून घ्या.

पडद्यामागे

त्याच पत्रात हेही विचारा की पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतर मुलांना गाळतात का. काही ठिकाणी शिक्षकांच्या मूल्यमापनानंतर बी.एफ.ए.तून काढतात. तिथून बी.ए.त येता येतं, स्टुडिओची क्रेडिट बहुधा ऐच्छिक विषयांत धरली जातात. उलट प्रवास जड जातो. दुसऱ्या कॉलेजातून बी.एफ.ए.त आलेल्याची इतर क्रेडिट मान्य झाली तरी स्टुडिओ बहुतेकदा पहिल्या वर्षापासूनच करावा लागतो, म्हणजे पुन्हा चार वर्षं आणि चार वर्षांची फी. मन ठरत नसेल तर दोन्हीकडे अर्ज करा, पण बंधनकारक ‘अर्ली डिसिजन’ (एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज) भरू नका. त्याचा निकाल बहुधा डिसेंबरात लागतो आणि प्रवेश मिळाला तर बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. बी.एफ.ए.च्या बहुतेक प्रत्यक्ष चाचण्या तोवर सुरूही झालेल्या नसतात.