मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी प्रोस्टेटची गोळी बंद करायची का?

मृण्मयी_सांगली
नमस्कार. बाबा ७२ वर्षांचे आहेत, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलंय. तपासणीच्या दिवशी काउंटरवर औषधं विचारली तेव्हा बीपी आणि शुगरची सांगितली, पण रात्री झोपताना ते प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन ०.४ घेतात ते बोललेच नाहीत. नंतर विचारलं तर म्हणाले, सगळ्यांसमोर लघवीचं काय सांगायचं, आणि डोळ्याचा नि त्याचा संबंध काय. काल मामेभावाने (मेडिकल दुकानात असतो) ऐकलं आणि म्हणाला ती गोळी आजच बंद करा, ऑपरेशनमध्ये प्रॉब्लेम येतो. आता मला खरंच भीती वाटतेय. बंद करू का? ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल का? कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

नेत्र_सर्जन_नाशिक
मृण्मयीताई, गोळी स्वतःहून बंद करू नका, आणि उद्याच हॉस्पिटलला फोन करून सांगा की बाबा टॅमसुलोसिन घेतात, किती वर्षं घेतात तेही सांगा. ऑपरेशन बहुतेक ठरल्या दिवशीच होईल.

कारण सांगतो. ही गोळी प्रोस्टेटच्या आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या स्नायूंना सैल करते म्हणून लघवी मोकळी होते. ती स्नायूतल्या ज्या अल्फा-१ए रिसेप्टरवर (औषध जिथे चिकटतं ती पेशीवरची जागा) काम करते तेच रिसेप्टर डोळ्याच्या आयरिसमध्ये, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत भागात, बाहुली मोठी करणाऱ्या स्नायूतही असतात. तो स्नायू ढिला पडतो. फेको, म्हणजे छोट्या चिरेतून मोतीबिंदू फोडून ओढून काढायचं ऑपरेशन, करताना आम्हाला बाहुली चांगली मोठी लागते कारण मोतीबिंदू तिच्यामागे असतो, आणि डोळ्यात सतत पाणी फिरत असतं. साधी आयरिस त्या पाण्यात ताठ राहते, ही मात्र दोरीवरच्या ओल्या कपड्यासारखी हलते, चिरेतून बाहेर यायला बघते आणि ऑपरेशन चालू असतानाच बाहुली बारीक होत जाते. मग लेन्सच्या मागची पातळ पिशवी फाटायचा धोका वाढतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड चँग आणि जॉन कॅम्पबेल यांनी २००५ मध्ये हे पहिल्यांदा नीट मांडलं. टॅमसुलोसिन तिकडे १९९७ पासून होतं, म्हणजे तोवर कित्येक सर्जनना टेबलावरच हा धक्का बसत असणार. त्याला इंट्राऑपरेटिव्ह फ्लॉपी आयरिस सिंड्रोम म्हणतात, आम्ही बोलताना नुसतं आयफिस म्हणतो.

आता बंद करण्याबद्दल. आधी थोडे दिवस थांबवून ते टळेल याची खात्री नाही, गोळी सोडून वर्षं झालेल्या माणसातही आयफिस दिसलेलं आहे. म्हणून फायदा थोडा आणि लघवी तुंबायचा धोका मात्र खरा. आधी माहीत असेल तर आमच्याकडे उपाय आहेत, डोळ्याच्या आत फेनिलेफ्रिन किंवा ॲड्रेनलिन सोडतो, पाण्याचा जोर कमी ठेवतो, दाट जेल वापरतो, गरज पडली तर बाहुलीला बारीक हुक लावतो नाहीतर ती उघडी धरणारी मॅल्युगिन रिंग बसवतो. चँग यांच्याच २००७ च्या अभ्यासात टॅमसुलोसिन घेणाऱ्यांचे १६७ डोळे अशी तयारी ठेवून केले आणि पिशवी फाटली फक्त एका डोळ्यात. माझ्या दृष्टीने सगळा फरक आधी माहीत असण्याचा आहे.

विदर्भातला_मुलगा
डॉक्टर म्हणतात ते अगदी बरोबर, अनुभवाने सांगतो. माझ्या काकांनी कुणाचंतरी ऐकून ऑपरेशनच्या आधी गोळी थांबवली, दोन-तीन दिवसांत लघवी पूर्ण बंद, रात्री कॅथेटर घालावं लागलं, ओटीपोट दगडासारखं झालेलं आणि माणूस अक्षरशः रडत होता. ऑपरेशन तर पुढे गेलंच. नंतर गोळी चालू ठेवूनच केलं, सर्जनने हुक लावले, वेळ जरा जास्त लागला, आज काका पेपर वाचतात. मृण्मयी, बाबांना लाज वाटत असेल तर तू एकटी आत जाऊन सांग, नाहीतर गोळीची स्ट्रिपच दाखव, बोलायची गरजच नाही.

औषधवाली_मीना
मी फार्मासिस्ट आहे, एक भर घालते. बरेच पेशंट म्हणतात मी टॅमसुलोसिन घेत नाही, आणि स्ट्रिप बघितली की ते युरिमॅक्स डी असतं. त्यात टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टराइड दोन्ही असतात. ब्रँडवर जाऊ नका, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा. सिलोडोसिन, अल्फुझोसिन, डॉक्साझोसिन, टेराझोसिन हीही अल्फा ब्लॉकरच, म्हणजे टॅमसुलोसिनच्याच गटातली, ती पण सांगायची. डॉक्साझोसिन आणि प्राझोसिन कधीकधी बीपीसाठी दिलेलं असतं, त्यामुळे "मला प्रोस्टेटचा त्रास नाही" म्हणून विषय संपत नाही. आणि मामेभावाचा राग करू नका ताई, संबंध आहे हे त्याने बरोबर ओळखलं.

मृण्मयी_सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री नीट झोप लागली. सकाळी फोन केला, त्यांनी फाइलवर लाल पेनने लिहून घेतलं आणि गोळी चालूच ठेवा म्हणाले. अजून एक विचारू का? आईला मागे किडनी स्टोन झाला होता तेव्हा तिला पण टॅमसुलोसिन दिलं होतं, महिनाभर असेल. तिलाही मोतीबिंदू सुरू झालाय. बायकांना पण हे होतं? आणि बाबांना अजून ही गोळी सुरूच झाली नसती तर काय केलं असतं?

नेत्र_सर्जन_नाशिक
हो, बायकांमध्येही दिसतं, रिसेप्टर तेच आहेत. थोडेच दिवस घेतली असेल तर काळजी करत बसू नका, पण फाइलवर नोंद हवीच. कॅनडात ओंटारिओमधल्या ६६ आणि त्याहून जास्त वयाच्या पुरुषांचा २००९ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, ऑपरेशनच्या आधीच्या १४ दिवसांत टॅमसुलोसिन घेतलेल्यांमध्ये नंतरच्या गंभीर गुंतागुंतीचा धोका दुपटीहून जास्त निघाला. एकंदर आकडा तरी लहानच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: मोतीबिंदू ठरलेला असेल आणि लघवीचा त्रास सहन होण्यासारखा असेल तर आधी डोळे उरकून मग गोळी सुरू करावी, असं मला वाटतं. युरॉलॉजिस्टने पहिली चिठ्ठी लिहितानाच डोळ्याचं विचारावं, पण आपल्याकडे दोन्ही डॉक्टर वेगवेगळ्या इमारतीत आणि कागद पेशंटच्या पिशवीत, शिबिरात तर तेही नसतात.

बाबांसाठी अजून एक, ऑपरेशनआधी काही सर्जन ॲट्रोपिनचे थेंब देतात, प्रोस्टेटवाल्यांना त्याने लघवी अडू शकते. थेंब दिले आणि लघवीला त्रास वाटला तर लगेच कळवा, आणि दुसऱ्या डोळ्याच्या वेळी हे सगळं परत सांगा, तेव्हा सर्जन वेगळा असू शकतो. आईच्या स्टोनची चिठ्ठी सापडली तर तीही फाइलला लावून ठेवा.