मदत हवी आहे : नागपूर ते पचमढी सायकलने, तामियाला मुक्काम करावा का?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझी मुलगी (वय १९) नागपूरहून पचमढीला सायकलने जायचं ठरवतोय. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली, पचमढी असा रस्ता. सगळं मिळून अडीचशे किलोमीटरच्या थोडं वर. मागे गाडी नसेल, सामान सायकलवरच. छिंदवाड्यापर्यंतचा रस्ता माझ्या बऱ्यापैकी ओळखीचा आहे. त्यापुढे मी फक्त बसने गेले आहे आणि बसमध्ये बसून चढाचा अंदाज येत नाही, म्हणून विचारतेय.

घरात वाद आहे तो दोन दिवस की तीन दिवस यावर. मुलगी म्हणते पहिल्या दिवशी छिंदवाडा, दुसऱ्या दिवशी थेट पचमढी; दोन्ही दिवस साधारण १३० किलोमीटर. कागदावर हे बरोबर दिसतं. पण दोन्ही १३० सारखे नाहीत असं मला वाटतं. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, छिंदवाडा पावणेसातशेच्या आसपास. म्हणजे पहिल्या दिवसाचा मुख्य चढ एकच, सिल्लेवानी घाट. दुसऱ्या दिवशी मात्र छिंदवाड्याहून तामियापर्यंत चढायचं, तिथून देनवा नदीच्या खोऱ्यात मटकुलीपर्यंत सगळी उंची घालवायची आणि मग पचमढीच्या १०६७ मीटरपर्यंत पुन्हा चढायचं. तो शेवटचा पंचवीसेक किलोमीटरचा चढ नेमका दमलेल्या पायांवर येतो, तोही संध्याकाळी. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दोन्ही बाजूंना सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, रानगवे आणि अस्वलं असलेलं. अंधारात त्या रस्त्यावर सायकलवर असणं मला अजिबात नको.

म्हणून माझं मत असं : पहिल्या दिवशी छिंदवाडा, दुसऱ्या दिवशी फक्त तामिया (५५ किलोमीटरच्या आसपास), दुपारी पाताळकोटच्या खोल दरीच्या कड्यावर जाऊन यायचं, आणि तिसऱ्या दिवशी ताज्या पायांनी मटकुलीचा उतार व पचमढीचा चढ. हे ज्यांनी केलं आहे त्यांनी सांगावं, तामियात साधी पण स्वच्छ राहण्याची सोय आधी फोन न करता मिळते का? आणि तामियाच्या पुढे देलाखारी सोडलं तर चहा-पाण्याला कुठे थांबता येतं? मोबाइलला रेंज असते का?

दुसरा प्रश्न नागपूरमधून बाहेर पडण्याचा. सरळ रस्ता मानकापूर, कोराडी, पाटणसावंगी, सावनेर. रुंद आहे, पण वीज केंद्र आणि कोळसा खाणींमुळे ट्रक फार. पहाटे तर ते रिकामे रस्ते बघून सुसाट असतात. पर्याय म्हणून काटोल नाक्याकडून कळमेश्वर, धापेवाडा, आदासा करत सावनेर गाठायचं डोक्यात आहे. थोडे किलोमीटर वाढतात, पण धापेवाड्याला चंद्रभागेकाठी विठ्ठलाचं दर्शन होतं, पुढे आदासाचा गणपती, आणि रस्ता गावागावांतून जातो. मला हाच रस्ता मनापासून आवडतो. प्रश्न एवढाच की पहिल्याच दिवशी १३० चे १४० झाले तर सिल्लेवानी घाटात पोहोचायला किती उशीर होईल?

(देवलापार-सिवनीवरून जा असं एकाने सुचवलं. तो चौपदरी रस्ता उत्तम आहे, पेंचच्या जंगलात प्राण्यांसाठी खालून वाटाही ठेवल्या आहेत. पण छिंदवाड्याला पोहोचायला सत्तरेक किलोमीटर जास्त पडतात, त्यामुळे तो बाद.)

आता गिअरचं. माझी हायब्रिड आहे, पुढच्या चकत्यांना ४८-३८-२८ दाते आणि मागच्यांना ११ ते ३२. सर्वांत हलक्या गिअरला पेडलच्या एका फेरीत सायकल १.९ मीटर जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग तासाला ७ किलोमीटर, म्हणजे चढावर सामानासकट रमतगमत जाता येतं. मुलीची रोडबाइक आहे, पुढे ५०-३४, मागे ११-२८. तिच्या हलक्यातल्या हलक्या गिअरला एक फेरी अडीच मीटरची, म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांना ९ किलोमीटरचा वेग राखावाच लागतो. जिथे चढ तीव्र होईल तिथे ती उभी राहून रेटणार आणि गुडघे दुखवून घेणार. मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) टाकावी असं मला वाटतं, पण तिचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) शॉर्ट केजचा, म्हणजे आखूड, आहे. तोही बदलावा लागेल ना? की ३० दात्यांवर भागेल?

एक वेगळी गोष्टही विचारायची आहे. माझ्या आत्याने पचमढीजवळच्या चौरागडच्या महादेवाला वाहायला एक त्रिशूळ द्यायचं ठरवलं आहे. आपल्या विदर्भातून महाशिवरात्रीला किती माणसं खांद्यावर त्रिशूळ घेऊन महादेवाला जातात ते तुम्हाला माहीत आहेच. माझे आजोबाही जायचे, पायी. आत्याला आता गुडघ्यांमुळे त्या पायऱ्या चढता येत नाहीत. त्रिशूळ दीड हाताचा आहे. सायकलच्या वरच्या नळीला समांतर बांधावा की कॅरिअरवर? टोकं कापडात गुंडाळून घेईनच. हसू नका, मला तो नीट पोहोचवायचा आहे.

यात्रेच्या दिवसांत जायचं नाही हे नक्की. महाशिवरात्रीला मटकुलीपासून गाड्यांची रांग लागते आणि नागपंचमीला पचमढीच्या नागद्वारी यात्रेची गर्दी, वरून पाऊस.

परतीसाठी पिपरियाहून इटारसी आणि तिथून नागपूर असा रेल्वेचा विचार आहे. सायकली ब्रेक व्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) द्यायचा अनुभव कुणाला आहे का?

प्रतिसाद १

ताई, मी सौंसरचा. आमच्याकडे घरात मराठी आणि शाळेत हिंदी, त्यामुळे वाटेत भाषेची काळजी करू नका. कुठेही थांबा, "नागपूरहून सायकलने?" म्हणून आधी चहा पाजतील, मग विचारपूस करतील.

कळमेश्वरकडूनच या. पण साडेपाचला निघा, म्हणजे धापेवाड्याच्या आसपास उजाडेल. पुढे-मागे दोन्ही दिवे आणि अंगात चमकणारं जॅकेट हवंच. सावनेर सोडलं की केळवद, मग हद्द ओलांडून सौंसर. साडेअकरापर्यंत सौंसरला पोहोचलात तर चांगलं चाललं आहे समजा. इथे पोटभर जेवू नका. थोडं खा, संत्री घ्या (मोसमच आहे), बाटल्या भरा आणि रामाकोनाला पुन्हा भरा. जेवण घाट चढून उमरानाल्याकडे. भरल्या पोटी सिल्लेवानी चढणारे अर्ध्यात बसतात, हे मी दर हिवाळ्यात बघतो. जामसावळीच्या हनुमानाला जायचं मनात येईल, पण त्या दिवशी नको. वाट वाकडी होते आणि उजेड हातचा जातो.

आणि एक, डिसेंबरात वारा उत्तरेकडून असतो. तुम्ही उत्तरेलाच चाललात. सपाटीवरसुद्धा नेहमीपेक्षा दोन-तीन किलोमीटरने वेग कमी धरून वेळ काढा.

प्रतिसाद २

तीन दिवसच. मी हा रस्ता केला आहे आणि चढापेक्षा मला तामिया ते मटकुलीचा उतार अवघड गेला. त्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाही म्हणून लिहितो.

सामान लादलेली सायकल उतारावर वेगळी वागते. वळणाच्या आधी वेग मोडा, वळणात ब्रेक दाबू नका. रिम ब्रेक असतील तर सतत धरून ठेवू नका, रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. पुढचा-मागचा दोन्ही वापरा. निघायच्या आधी ब्रेक पॅड नवे घाला आणि जुने सोबत ठेवा. सकाळी दहाच्या आधी तो उतार लागला तर झाडाखालचा रस्ता दवाने ओला असतो आणि हातांची बोटं गारठून ब्रेकवर नीट बसत नाहीत. पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या. तामियाहून फार लवकर निघायची घाई करू नका, तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे वेळ भरपूर आहे.

गिअर : शॉर्ट केजवर ३० दाते बहुतेक वेळा बसतात, ३४ साठी लांब केजचा डिरेलर आणि नवी, लांब चेन लागेल. मुलीचं थोडं सामान तुमच्या सायकलवर घेतलंत तर ३० मध्ये भागेल. सगळा खर्च करायचाच असेल तर ३४ करा, पुढेही उपयोगी पडेल. मात्र बदल निघण्याच्या आठवडाभर आधी करून रामटेक किंवा कुठे तरी एक लांब फेरी मारा. नवी चेन-कॅसेट घेऊन थेट घाटात जाऊ नये.

रोडबाइकच्या ट्यूबला प्रेस्टा वॉल्व्ह (बारीक तोंडाचा) असेल. वाटेतल्या पंक्चरवाल्यांकडे मोटरसायकलचे पंप असतात, ते त्याला लागत नाहीत. पितळी अडॅप्टर मिळतो, दोन घ्या, एक वॉल्व्हवरच बसवून ठेवा. दोन्ही सायकलींच्या ट्यूब वेगळ्या मापाच्या असतील, तेव्हा प्रत्येकीच्या दोन-दोन.

त्रिशूळ कॅरिअरवर आडवा नको, ट्रकवाल्याला रुंदीचा अंदाज येत नाही. वरच्या नळीला बांधलात तर पेडल मारताना गुडघा लागेल. कॅरिअरच्या एका बाजूला, पॅनिअरच्या (कॅरिअरला लटकवायच्या पिशवीच्या) वर, सायकलच्या लांबीच्या दिशेत टोकं मागे करून बांधा आणि टोकांवर लाल कापड. महादेव गुहेपर्यंत रस्ता आहे, पुढे चौरागडच्या पायऱ्या, तिथे तो हातातच घ्यायचा आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. उताराचं मी खरंच मोजलं नव्हतं, सगळं लक्ष चढावर होतं. मुलीला दोन्ही उत्तरं वाचायला दिली. तीन दिवसांना ती तयार झाली, अट एकच की पाताळकोटला नुसतं कड्यावरून बघून परत फिरायचं नाही, खाली भारिया आदिवासींच्या वस्त्यांकडे जाणाऱ्या वाटेवर थोडं तरी उतरायचं. त्यासाठी तामियाला दुपारी बारापर्यंत पोहोचावं लागेल, म्हणजे छिंदवाड्याहून सातला निघणं आलं. परासियापर्यंतच्या कोळशाच्या ट्रकांच्या दृष्टीनेही ते बरंच.

कळमेश्वरचा रस्ता पक्का. साडेपाचला निघणार, जेवण घाटानंतर. कॅसेट ३० दात्यांची घेतेय, तिचा तंबू आणि स्वयंपाकाचा स्टोव्ह घरीच राहील आणि बाकीचं जड सामान माझ्या पॅनिअरमध्ये. नवी कॅसेट बसवून पुढच्या रविवारी रामटेकला जाऊन येऊ, गडावर चढण्याचा रस्ता आहेच.

आता फक्त दोन गोष्टी उरल्या. तामियाच्या मुक्कामाचं आणि तिथल्या रेंजचं कुणी सांगितलं तर आरक्षण करून मोकळी होईन. आणि पिपरियाला सायकल पार्सल करताना पुढचं चाक काढून द्यावं लागतं का, की तशीच घेतात? इटारसीला गाडी बदलताना सायकली आपल्याच गाडीत चढतील याची खात्री कशी करायची? नाहीतर पचमढीहून नागपूरच्या बसच्या टपावर बांधून आणायचा विचार आहे, पण रोडबाइकच्या फ्रेमला ते सोसेल का, हे ज्याने केलं असेल त्याने सांगावं.