संध्याकाळची नोकरी धरावी की 'कमवा व शिका' योजनेत नाव द्यावे?

मांजराकाठ (प्रश्न)

मी मूळचा लातूर जिल्ह्यातील असून पुण्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र शिकतो आहे. घरी साडेतीन एकर कोरडवाहू जमीन आहे आणि वडील सोयाबीन व त्यात तुरीचे आंतरपीक घेतात. सन २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, परंतु खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबण्याची सवड आमच्याकडे नव्हती आणि आमचा माल आडतीवर ४,१०० रुपयांनी गेला. आमच्याकडे वर्षाचा पैसा हातात येतो तो दिवाळीच्या सुमारास, आणि महाविद्यालयाचे शुल्क, खोलीचे डिपॉझिट, पुस्तके हा सगळा खर्च उभा राहतो तो जून-जुलैत, म्हणजे नेमका पेरणीच्या वेळी.

मी कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरता, राहतो, त्याचे भाडे ३,५०० रुपये आहे. दोन वेळच्या मेसचे ३,४०० रुपये होतात. बसचा पास, जर्नल, झेरॉक्स आणि मोबाइल धरून महिन्याला साधारण ८,५०० रुपये लागतात आणि घरून ६,५०० रुपये येतात. पहिल्या वर्षी मी ही तूट रूम पार्टनरकडून उसने घेऊन भागवली. ते पैसे अजून पूर्ण फिटलेले नाहीत आणि त्याच्यासमोर बसून जेवतानाही मला आता संकोच वाटतो.

खोलीजवळच्या एका मेडिकल दुकानात संध्याकाळी ५ ते रात्री १०.३० या वेळेत काम मिळत असून पगार ७,५०० रुपये सांगितला आहे. मात्र मंगळवारी आणि गुरुवारी माझी प्रात्यक्षिके साडेपाचपर्यंत चालतात. दुसरीकडे, महाविद्यालयात 'कमवा व शिका' योजना आहे असे ऐकले आहे, पण त्यात मिळणारी रक्कम बरीच कमी आहे. नोकरीचा विचार मी घरी अजून सांगितलेला नाही, कारण आपण मुलाला पुरे पडत नाही असे वडिलांच्या मनात येईल अशी मला भीती वाटते. ज्यांनी या परिस्थितीत शिक्षण पूर्ण केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नदीपात्र

मी वाणिज्य शाखेत असताना दीड वर्ष एका स्टेशनरीच्या दुकानात जवळजवळ याच वेळेत काम केले, म्हणून पगाराच्या आकड्याकडे पाहताना काय लक्षात घ्यावे ते सांगतो. आमची मेस रात्री दहाला बंद होत असे आणि दुकानातून सुटायला मला साडेदहा होत. सलग चार दिवस जेवायला येणार नसल्याचे आधी सांगितले तरच मेसवाले काका खाडा धरत, त्यामुळे रात्रीच्या जेवणाचे पैसे भरूनही मी आठवड्यातून चार-पाच वेळा गाडीवर बुर्जी-पाव खात असे. त्या खर्चाचा हिशेब मी कधी लिहून ठेवला नव्हता. एका महिन्यात तो लिहिला तेव्हा बाहेरच्या खाण्याचेच १,६०० रुपये निघाले.

तिसऱ्या सत्रात माझे दोन विषय राहिले. कामाच्या तासांमुळे अभ्यास बुडाला असे मी तेव्हा सर्वांना सांगत होतो, पण खरे कारण निराळे होते. रात्री साडेअकराला जेवून झोपायला एक वाजत असे आणि सकाळी साडेसातच्या तासाला मी वर्गात बसूनही नसल्यासारखाच असे. माझ्या तासांना किमान प्रात्यक्षिके तरी नव्हती. तुम्ही आठवड्यातून दोन दिवस दुकानात उशिरा पोहोचणार असाल, तर मालकांना ते चालेल का, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारून घ्या आणि त्या दिवसांचा पगार कापला जाणार का, हेही विचारा. आमच्याकडे तो कापला जात असे आणि मला ते पगाराच्या दिवशी कळले.

प्रयोगशाळेतून

मी विज्ञान महाविद्यालयात शिकवते आणि काही वर्षे आमच्याकडील 'कमवा व शिका' योजनेचे कामही पाहिले आहे. या योजनेकडे विद्यार्थी अनेकदा संकोचाने पाहतात, म्हणून तिचे मूळ आधी सांगते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रम करून शिकण्याची पद्धत तिच्या वसतिगृहांतून रुजवली. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेले छत्रपती शिवाजी कॉलेजही याच तत्त्वावर उभे राहिले. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या योजनेला कर्मवीरांचेच नाव आहे. त्यामुळे ग्रंथालयात पुस्तके लावताना किंवा बागेला पाणी घालताना आपल्यावर कोणी उपकार करत आहे असे मनात आणू नका.

आता व्यवहाराचे बोलू. आमच्याकडे दिवसाला दोन ते तीन तासांचे काम असते आणि ते तुमच्या वेळापत्रकातील मोकळ्या तासांत बसवले जाते, ही माझ्या मते सर्वांत मोठी सोय आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आम्ही शक्यतो प्रयोगशाळेतच काम देतो. द्रावणे तयार करून ठेवणे, काचेची उपकरणे धुऊन लावणे, साठ्याची नोंद ठेवणे ही कामे केलेल्या मुलांचा हात प्रात्यक्षिक परीक्षेत वेगळाच चालतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. मात्र मानधन तासांवर मिळते आणि ते दर महिन्याला ठरल्या तारखेला हाती पडेलच असे नाही. आमच्याकडे कधी दोन-दोन महिन्यांचे एकदम जमा झाले आहे. म्हणून खोलीचे भाडे त्यावर अवलंबून ठेवू नका.

प्रात्यक्षिकांबाबत मात्र मी आग्रहाने सांगेन. व्याख्यानाचा एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे सत्रात १५ तास, तर प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. चुकलेले व्याख्यान मैत्रिणीच्या वहीवरून भरून काढता येते, पण चुकलेले अनुमापन (टायट्रेशन) कोणाच्याही वहीवरून शिकता येत नाही. मंगळवार आणि गुरुवार या दोन संध्याकाळी विकू नका.

औंधचा रहिवासी

वरील दोन्ही उत्तरांचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. प्रश्नकर्त्याची तूट महिन्याला २,००० रुपयांची आहे आणि शिवाय उसने पैसे फेडायचे आहेत. उशिरा मिळणाऱ्या मानधनावर उसनवारी फिटत नाही, आणि रूम पार्टनरच्या पैशांचे ओझे डोक्यावर असताना अभ्यासही होत नाही. त्यामुळे बाहेरचे काम सरसकट नाकारणे मला योग्य वाटत नाही. फक्त साडेपाच तासांची रोजची नोकरीच कशाला हवी? मी पदवीला असताना नववी-दहावीच्या दोन मुलांना त्यांच्या घरी जाऊन विज्ञान आणि गणित शिकवत होतो. आठवड्यातून तीन संध्याकाळी प्रत्येकी दीड तास जात असे, त्यातून माझी मेस निघत असे आणि मी रात्री नऊला खोलीवर असे. शनिवार-रविवारपुरते काम मिळेल का, हे त्या मेडिकलवाल्यांनाही विचारून पाहा, कारण सुट्टीच्या दिवशी माणूस मिळत नाही ही त्यांचीही अडचण असते.

घरी सांगण्याविषयी माझे मत ठाम आहे. सांगाच. माझ्या वडिलांना माझे काम शेजारच्या गावातील मुलाकडून कळले आणि ते पुढे किती दिवस माझ्याशी मोकळे बोलले नाहीत, हे मी विसरलेलो नाही. मी काम केले याचे त्यांना वाईट वाटले नव्हते. मी त्यांना विचारले नाही, याचे वाटले होते.

शासननिर्णय वाचणारी

काम शोधण्याआधी आपल्या हक्काचे काही राहून गेले आहे का, ते तपासा. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही, म्हणून सर्वसाधारण माहिती देते. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तिन्हींत भोजन, निवास आणि निर्वाहासाठीची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येते. पात्रतेच्या अटी आणि अर्जाच्या तारखा त्या त्या वर्षाच्या सूचनेत पाहाव्यात. याशिवाय ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांसाठी १९५५ पासून काम करणाऱ्या विद्यार्थी साहाय्यक समितीच्या पुण्यातील वसतिगृहांची प्रवेशप्रक्रियाही पुढील वर्षासाठी लक्षात ठेवा.

मांजराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल मेडिकलच्या मालकांना भेटलो. मंगळवार-गुरुवारची सवलत त्यांना शक्य नव्हती, परंतु रविवारी पूर्ण दिवस आणि शनिवारी संध्याकाळी येण्यास त्यांनी होकार दिला असून महिन्याचे २,४०० रुपये ठरले आहेत. यातील ४०० रुपये दर महिन्याला रूम पार्टनरला परत करायचे असे त्याच्याशी बोलून ठरवले. वडिलांनाही फोन केला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग परीक्षेच्या महिन्यात सुट्टी मिळेल का, एवढेच त्यांनी विचारले. ते मी मालकांना विचारले नव्हते. उद्या विचारणार आहे.

आमचा प्रवर्ग इतर मागास वर्ग आहे, त्यामुळे आधार योजनेची माहिती काढतो. 'कमवा व शिका'साठी सत्र सुरू झाल्यावरही अर्ज करता येतो का आणि तो कोणाकडे द्यायचा?

प्रयोगशाळेतून

महाविद्यालयातील विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटा. जागा शिल्लक असल्यास आम्ही सत्राच्या मध्येही नाव घेतो. उत्पन्नाचा दाखला, मागील वर्षाची गुणपत्रिका, बँक पासबुकची प्रत आणि तुमचे वेळापत्रक सोबत न्या, आणि प्रयोगशाळेत काम हवे असल्यास विभागप्रमुखांशी आधी बोलून घ्या.