१.८ सेंमीची गाठ: लोबेक्टॉमी, सेगमेंटेक्टॉमी की वेज?

सुमेधा: बाबा ६८ वर्षांचे. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या लोबमध्ये (मोठा भाग), त्यातल्या वरच्या सेगमेंटला (लोबचा छोटा भाग, एस६) १.८ सेंमीची गाठ आहे. बायोप्सीत अडेनोकार्सिनोमा (कर्करोगाचा एक प्रकार), पेट स्कॅनमध्ये इतरत्र काही नाही. एफईव्ही१ (जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) अपेक्षेच्या ७० टक्के. एक सर्जन पूर्ण लोब काढू म्हणतात (लोबेक्टॉमी), दुसरे फक्त सेगमेंट (सेगमेंटेक्टॉमी). कशावरून ठरवायचं?

डॉ_खोकला: दोघांनाही आधार आहे. १९९५ च्या चाचणीत कमी भाग काढल्यावर रोग जास्त परतला, म्हणून लोबेक्टॉमी रूढ झाली. पण त्यात ३ सेंमीपर्यंतच्या गाठी होत्या. जपानच्या जेसीओजी ०८०२ या चाचणीत (२०२२, ११०६ रुग्ण, २ सेंमीपर्यंतच्या गाठी) पाच वर्षांनी सेगमेंटेक्टॉमीचे ९४.३ टक्के रुग्ण हयात होते, लोबेक्टॉमीचे ९१.१. मात्र स्थानिक पुनरुद्भव (त्याच जागी रोग परतणं) सेगमेंटेक्टॉमीत १०.५, लोबेक्टॉमीत ५.४ टक्के. हा दुसरा आकडा सहसा कुणी आपणहून सांगत नाही. शिवाय तिथल्या गाठी फुफ्फुसाच्या बाहेरच्या तिसऱ्या भागात होत्या. बाबांची मध्याकडे असेल तर हे आकडे लावू नका. सीटीवर दाखवून घ्या.

फुंकणी: श्वासाचं गणित घरीच करता येतं. दोन्ही फुफ्फुसांत मिळून १९ सेगमेंट धरा. उजवा खालचा लोब म्हणजे ५, म्हणून एफईव्ही१ ७० × १४ ÷ १९ = साधारण ५२ टक्के उरेल. फक्त एस६ काढला तर ६६. डीएलसीओचंही (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो त्याची तपासणी) असंच करा. एफईव्ही१ आणि डीएलसीओचे हे उरलेले आकडे दोन्ही ६० च्या वर असतील तर सहसा पुढची तपासणी लागत नाही; कुठलंही ३० ते ६० मध्ये आलं तर जिना चढण्याची किंवा शटल वॉक (ठरावीक अंतर वेग वाढवत ये-जा चालण्याची) चाचणी. डीएलसीओ केलीच नसेल तर आधी ती करा.

डॉ_खोकला: वेजचंही (सेगमेंटची हद्द न पाहता गाठीसह पाचरीसारखा तुकडा काढणं) बोलू. अमेरिकेतल्या सीएएलजीबी १४०५०३ या चाचणीत कमी भाग काढलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक वेज होत्या, तरी निकाल लोबेक्टॉमीहून वाईट नव्हता. पण तिथे लिम्फ नोड फ्रोझन सेक्शनने (शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा गोठवून केलेली तपासणी) निगेटिव्ह, म्हणजे कर्करोग नसलेले, आल्यावरच रुग्णाचा गट ठरला. नोड न तपासता केलेली वेज मला मान्य नाही. गाठीभोवती निरोगी कडाही गाठीएवढी, शक्यतो २ सेंमी हवी. खोल गाठीला वेजमध्ये ती मिळत नाही.

सुमेधा: फ्रोझनमध्ये नोड पॉझिटिव्ह निघाला तर?

डॉ_खोकला: बहुधा त्याच भुलीत लोबेक्टॉमी. म्हणून संमतिपत्रात दोन्ही शस्त्रक्रिया लिहून घ्या.